मिसळणाच्या डब्यातलं बास्केटबॉल

आमच्या मॅडमना कुणी चहा दिला आणि "कसा झालाय?" म्हणून विचारलं, तर त्या कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणायच्या, "एका कपावरून कसं सांगणार? अजून चार-पाच वेळा द्या, मग सांगते." विचारणारी नवीन असली तर तिला हा आगाऊपणा वाटायचा. आम्हा पोरींना माहीत होतं की हा आगाऊपणा नाही, हे संख्याशास्त्र आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि डोक्यावर हेल्मेट. त्या काळी जळगावात बुलेटवाले पुरुषसुद्धा उघड्या डोक्याने फिरायचे आणि मॅडम लूनावर हेल्मेट घालायच्या. लूनाचा वेग असा की सायकलवाले शेजारून गप्पा मारत जायचे. कुणी हसलं की मॅडम म्हणायच्या, "पडणारी माणसं हळूच चाललेली असतात हो. बघा कधी मोजून."

भाजीबाजारात त्यांची वेगळीच ख्याती होती. थंडीत भरताची वांगी आली की बायका टोपलीपुढे बसून एकेक वांगं दाबून, फिरवून, देठाशी बघून घेतात. मॅडम डोळे मिटून टोपलीत हात घालायच्या आणि हाताला येईल ते पिशवीत टाकायच्या. निवडून घेतलं तर टोपलीचा खरा अंदाज येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना बघून भाजीवाली ओरडायची, "आल्या व माय, आंधळी कोशिंबीर खेळाले!" घरी गेल्यावर निम्मी वांगी किडकी निघाली तरी मॅडमना वाईट वाटायचं नाही. टोपलीच तशी होती, हे आता नक्की कळलं ना, म्हणायच्या.

अशा बाईकडे मुलींच्या बास्केटबॉलचा कारभार कसा आला, तर प्राचार्यांमुळे. त्यांनी बोलावून विचारलं, "तुमच्या घरी तसं कोण आहे?" मॅडम म्हणाल्या, "कुणी नाही." प्राचार्य म्हणाले, "मग संध्याकाळी मैदानावर बसा. पोरींबरोबर बाईमाणूस लागतं." मॅडमनी सांगून पाहिलं की मला खेळातलं काही कळत नाही. प्राचार्य म्हणाले, "म्हणूनच मी निश्चिंत आहे."

मी त्या संघात आले ती एसटीमुळे. आमच्या गावची, असोद्याची, संध्याकाळची गाडी उशिरा सुटायची, आणि स्टँडवर बसून राहिलं की टवाळ पोरं आजूबाजूला घिरट्या घालायची. त्यापेक्षा मैदान बरं. खेळाची आवड वगैरे काही नव्हती. खरं तर मला बॉलची भीती वाटायची. बॉल हातात आला की तापलेला तवा हातात आल्यासारखा मी तो जी जवळ दिसेल तिच्याकडे ढकलून द्यायचे आणि दूर पळायचे. बॉल समोरच्या संघाकडे असला की मी त्याच्या वाटेतून सटकायला बघायचे, पण गोंधळून नेमकी वाटेतच उभी राहायचे. सलवारीचा पाय दुमडून, ओढणी कमरेला बांधून, मी ही धडपड रोज करायचे.

संघाची राणी होती सरोज. किराणा मालाच्या मोठ्या मारवाडी व्यापाऱ्याची मुलगी. उंच, सडपातळ, हात असे लांब की रिंग तिच्याकडे खाली वाकलीये असं वाटावं. सगळ्यात जास्त बास्केट तीच करायची. एक खरं, बॉल तिच्या हातात गेला की तो आम्हाला परत दिसायचा नाही. एक तर तो बास्केटमध्ये जायचा, नाहीतर समोरच्यांकडे.

पहिले काही दिवस मॅडम कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून नुसत्या बसायच्या. मग एके दिवशी त्या मिसळणाचा डबा घेऊन आल्या. स्वयंपाकघरातला, स्टीलचा, आत सात वाट्या असलेला. दोन वाट्यांत चिंचोके आणि हरभरे, बाकीच्या पाच रिकाम्या. मॅडमनी आम्हाला गोल बसवून समजावून सांगितलं.

"या पाच वाट्या म्हणजे कोर्टावरच्या तुम्ही पाच जणी. आपली बास्केट झाली की पाचही वाट्यांत एकेक चिंचोका. समोरच्यांची झाली की पाचही वाट्यांत एकेक हरभरा. पोरगी बदलली की वाटीतले दाणे मोजून वहीत लिहायचे आणि वाटी नव्या पोरीची."

सरोजने विचारलं, "पण मॅडम, बास्केट एकीचीच असते ना? मग चिंचोका पाच जणींना का?"

"कारण तेव्हा तिथे पाच जणी होत्या."

"पण टाकली कुणी?"

"ते सगळं गाव बघतं," मॅडम म्हणाल्या. "मला बघायची गरज नाही."

आणि खरोखरच त्या बघायच्या नाहीत. बॉल उजवीकडे असला की मॅडमची मान डावीकडे. बॉल नसलेल्या पोरी काय करतायत हे त्यांना बघायचं असायचं. परिणाम असा झाला की दोनेक वेळा बॉल थेट त्यांच्या कानशिलावर येऊन बसला. तेव्हापासून त्या मैदानावरही हेल्मेट घालूनच बसू लागल्या. साडी, मांडीवर मिसळणाचा डबा, डोक्यावर हेल्मेट आणि नजर भलतीकडे. रस्त्यावरून जाणारे लोक सायकली थांबवून बघायचे.

काही आठवडे हे चाललं. सरावाला कधी गावातल्या शाळांच्या मुली यायच्या, कधी दुसऱ्या कॉलेजच्या. मॅडमच्या वाट्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. मग एका संध्याकाळी त्यांनी संघ सांगितला. त्या आम्हाला नावाने कधीच हाक मारायच्या नाहीत, पाठीवरच्या आकड्यानेच मारायच्या. मी आठ नंबर.

"पहिल्या पाचात आठ नंबर नक्की. सरोज बसेल."

त्यांनी सरोजला नावाने हाक मारली यावरूनच कळलं, की प्रकरण गंभीर आहे. सरोजने हातातला बॉल जमिनीवर आपटला. मी म्हणाले, "मॅडम, मी आजपर्यंत एकही बास्केट केली नाही."

"माहीत आहे."

"मला बॉलची भीती वाटते."

"तीच तर गंमत आहे. तू घाबरून लगेच देऊन टाकतेस, म्हणून बाकीच्यांना बॉल मिळतो. आणि पळायला जातेस ती नेमकी त्यांच्या वाटेत जाऊन पडतेस. तू असलीस की तुझी वाटी चिंचोक्यांनी भरते. ही भीती जप."

आपल्याला कुणी 'भीती जप' म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सरोजने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. बोललीच तर 'ए भित्रे' एवढंच.

दुसऱ्या दिवशी सरोजचे वडील मैदानावर हजर. सेठजी कॉलेजच्या कमिटीवर होते, त्यामुळे त्यांची गाडी फाटकाशी दिसली की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे सरळ उभे राहायचे. मॅडम मात्र बसूनच होत्या, कारण उठल्या असत्या तर डबा सांडला असता.

"मॅडम, सगळ्यात जास्त बास्केट कोण करते? आमची सरोज. आणि तीच बाहेर? ये कौनसा हिसाब है?"

"बरोबर हिसाब आहे, सेठजी. बसा. तुमच्या दुकानातला सगळ्यात हुशार माणूस कोण?"

सेठजी हसले. "आता काय सांगू? मीच."

"तुम्ही दुकानात असताना किती गिऱ्हाइकं माल घेऊन जातात आणि किती रिकामी परत जातात? आणि तुम्ही नसताना? कधी बघितलंत?"

"त्यात काय बघायचं? मी असलो तर जास्तच होणार ना?"

मॅडमनी मूठभर चिंचोके आणि मूठभर हरभरे कागदात बांधून त्यांच्या हातात दिले.

सेठजी रागारागाने गेले खरे, पण जातिवंत व्यापारी. हातात मोजायचं साधन आलं की त्यांना राहवेना. आठवड्याने ते परत आले ते फाटकाशी गाडी न लावता, पायी. मॅडमच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक गडबड झाली. मी नसतो तेव्हा गिऱ्हाईक कमी परत जातं."

"अजून थोडे दिवस मोजा. घाई करू नका."

त्यांनी मोजलं. उत्तर तेच. सेठजी गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की अर्धा तास त्याला गव्हाच्या जाती समजावून सांगायचे, आणि तोपर्यंत मागचे चार जण कंटाळून शेजारच्या दुकानात जायचे. सेठजींनी मोठ्या मुलाला गल्ल्यावर बसवलं आणि दुपारनंतर घरी राहायला लागले. सरोजच्या संघातल्या जागेविषयी ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. उलट भेटेल त्याला सांगायचे, "बाई देवमाणूस आहे." तक्रार घेऊन आल्या त्या सेठाणीबाई. "मॅडम, आता हे दिवसभर घरात बसून मला पोळ्या कशा लाटायच्या ते सांगतात. घरातला पण हिसाब एकदा काढा ना!"

इकडे सरोज तीन दिवस रुसून चौथ्या दिवशी मॅडमपुढे उभी राहिली. "मग मी काय करू?"

"बॉल सोडायला शीक."

सरोज शिकायला लागली. दोनदा सोडायची, तिसऱ्यांदा तिला राहवायचं नाही. पण दातओठ खात का होईना, शिकत होती. मॅडम तिला माझ्या जागी आत घ्यायच्या आणि तिच्या जागी मला. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र कोर्टावर कधी नसायचोच.

मग धुळ्याचा सामना आला. विभागाचा अंतिम सामना, धुळ्याच्याच कॉलेजशी, त्यांच्याच मैदानावर. आमच्या घरी हे सांगितल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केळीच्या बागेतून येऊन पाय धुता धुता एवढंच म्हटलं, "धुळ्याले? चेंडू खेळाले? काही गरज नही." आबा ओरडायचे नाहीत. न ओरडता नाही म्हणायचे, त्यामुळे पुढे वाद घालायला जागाच राहायची नाही. आणि त्यांच्या मनात आणखीही एक होतं. त्या वर्षी बीएचं दुसरं वर्ष झालं की माझं शिक्षण बंद करायचं, असं त्यांचं आईशी बोलणं मी ऐकलं होतं.

मी मॅडमना सांगितलं. रविवारी सकाळी त्यांची लूना असोद्यात शिरली आणि तिच्यामागे गावातली पोरं. आमच्या ओसरीवर मॅडम हेल्मेट काढून बसल्या. आबांनी पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, मले एक सांगा. माही पोरगी खेळात काय करती?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या.

मी दाराआड कपाळावर हात मारला.

"काहीच नही?"

"बॉल आला की देऊन टाकते. पळते. मध्येच उभी राहते. बास्केट तर एकही नाही."

"मंग तिले धुळ्याले कायले नेता?"

"ती असली की बाकीच्या चौघी नीट खेळतात. ती बाहेर बसली की त्या आपसात भांडतात."

आतून वांगी भाजल्याचा वास येत होता. आई चुलीपाशी होती. आबांनी एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या घरात बी हाये आसं एक मानूस. ते माहेरी गयं का आमचं कोनाचं कोनाशी पटत नही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय. पन बाईसोबतच राहाजो."

मग भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. मॅडम पोटभर जेवल्या. आईने पदराला हात पुसत विचारलं, "कसं झालं बाई भरीत?" मी मॅडमना डोळ्यांनी खुणावत होते, पण व्यर्थ. त्या म्हणाल्या, "एका वेळेवरून सांगता यायचं नाही." आईचा चेहरा क्षणभर पडला आणि मग ती खुदकन हसली. "मंग येजा की पुढच्या रविवारी बी!"

मॅडम खरोखरच आल्या. लागोपाठ आल्या. शेवटी एका रविवारी त्यांनी निकाल दिला, "एकंदरीत उत्तम. मधल्या एका रविवारी मीठ जरा जास्त होतं." आईने हे प्रशस्तिपत्रक पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, मिठासकट.

धुळ्याला आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. बरोबर जिमखान्याचे सर होते. गोलमटोल, शांत, कशाचीच घाई नसलेले गृहस्थ. मैदानाभोवती हीऽ गर्दी. एका बाजूला बायकांची वेगळी बैठक. मॅडमनी बाकावर बसून हेल्मेट घातलं, डबा उघडला. सामना सुरू झाला.

एक गोष्ट सांगायची राहिली. तो डबा मॅडमच्या रोजच्या स्वयंपाकातलाच होता. सामन्याच्या दिवशी हळद-तिखट काढून वाट्या पुसायच्या आणि चिंचोके भरायचे, घरी गेलं की परत हळद-तिखट. पुसण्याबाबत मॅडम फारशा काटेकोर नव्हत्या. त्यामुळे चिंचोके पिवळे झाले होते आणि हरभऱ्यांना तिखटाचा लाल रंग चढला होता.

पहिली दहाएक मिनिटं बरी गेली. मग धुळ्याच्या कॅप्टनने अगदी रिंगखालून दोन सोप्या बास्केट चुकवल्या. तेवढ्यात बायकांच्या बैठकीतून आवाज आला.

"ती टोपवाली बाई काय करी रायनी व?"

"दाना टाकी रायनी वाटीस्मा. हळद-कुंकू लायेल शे बठ्ठा दानास्ले!"

"व माय! मंतर मारी रायनी ती आपली पोरीस्वर!"

हे कोर्टापर्यंत पोचलं. धुळ्याच्या कॅप्टनने मॅडमकडे बघितलं. मॅडम नेमक्या तेव्हा बॉलकडे न बघता तिच्याकडेच टक लावून बघत होत्या आणि तोंडाने आकडे पुटपुटत होत्या. ती पोरगी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "माझे हात जड झाले! मी नाही खेळत!"

शिट्टी. खेळ थांबला. पंच आमच्या बाकापाशी आले. "मॅडम, हे काय आहे?"

"आकडेवारी."

"हिला हळद का लागलीय?"

"डबा स्वयंपाकघरातला आहे."

"आणि हे हेल्मेट?"

"बॉल लागतो."

पंच बिचारे शिकलेले गृहस्थ होते. त्यांचा विश्वास मॅडमवर होता, पण नजर गर्दीवर होती. त्यांनी हात जोडून डबा मागून घेतला आणि गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाखाली ठेवला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. धुळ्याची कॅप्टन डोळे पुसून उभी राहिली आणि लगेच पुढची बास्केट मारली, त्यामुळे ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली.

मॅडम हार मानणाऱ्या नव्हत्या. हाफटाइमला त्यांनी कडेच्या गाडीवरून शेंगदाणे आणि फुटाणे घेतले. दाणे आमचे, फुटाणे धुळ्याचे. बाकावर रुमाल अंथरून त्यांनी पाच छोटे ढीग मांडले. सामना परत सुरू झाला. दोन्ही बाजूंचे गुण चढत होते, कधी ते पुढे, कधी आम्ही. मॅडमची नजर बॉल नसलेल्या पोरींवर, हात ढिगांवर. आणि त्यांच्या शेजारी जिमखान्याचे सर, त्यांची नजर बॉलवर, हात तोही ढिगांवर.

मी बाजूने पळताना मॅडमचा आवाज ऐकला. तशी किंकाळी मी आयुष्यात परत ऐकली नाही.

"सर! तुम्ही आठ नंबरला खाल्लंत!"

सरांचा हात तोंडाशी थांबला. "मी? नाही हो... दोन-चारच."

"कुठल्या ढिगातले? दाणे की फुटाणे?"

"दोन्ही," सर ओशाळून म्हणाले. "एकत्र चांगले लागतात."

त्यानंतर मोजण्यासारखं काही उरलंच नाही. सामना शेवटाला आलेला, आम्ही एका गुणाने मागे, आणि तेवढ्यात आमची एक पोरगी पाचवा फाउल होऊन बाहेर गेली. बाकावर फक्त सरोज. मॅडमनी टाइमआउट घेतला आणि आम्हा दोघींना पुढे बोलावलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच भांबावलेला दिसला.

"सरोज बॉल सोडायला लागल्यापासून तुम्हा दोघींचा मिळून माझ्याकडे एकही दाणा नाही. तेव्हापासून एकत्र खेळवलंच नाही मी."

"मग काय करायचं?" सरोजने विचारलं.

मॅडमनी रुमाल झटकला. "मला काय माहीत? जा. खेळा."

बॉल आमच्याकडे आला. कुणीतरी माझ्याकडे टाकला. मी घाबरून सरोजकडे. सरोजने इतके दिवस सोडायची सवय केलेली, तिने परत माझ्याकडे. मी परत तिच्याकडे. ती माझ्याकडे. धुळ्याच्या पोरी मध्ये इकडून तिकडे, तिकडून इकडे. गर्दी हसायला लागली. बाकावरून सर ओरडत होते, "अगं टाका कुणीतरी!" माझ्या हातात बॉल, समोर तीन जणी धावून आलेल्या. सरोज उजवीकडे रिंगच्या खाली दिसली. मी डोळे मिटले आणि जीव खाऊन बॉल तिच्याकडे भिरकावला.

डोळे उघडले तेव्हा सगळ्या माझ्या अंगावर पडल्या होत्या. बॉल सरोजच्या डोक्यावरून कितीतरी वर गेला, फळीवर आपटला आणि आत पडला. लगेच शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. बायकांच्या बैठकीतून आवाज आला, "डबा काढी लिन्हा तरी बी मंतर लागी गया व माय!"

मला उचललं, फिरवलं, खाली ठेवलं. त्या गलक्यातून मॅडम आल्या आणि माझा खांदा धरून म्हणाल्या, "खरं सांग. तो पास होता की शॉट?"

"पास, मॅडम."

"कुणाला?"

"सरोजला."

"सरोज इकडे होती. बॉल तिकडे गेला. म्हणजे पास चुकला." आणि तोंड वाकडं करून त्या डबा परत मागायला टेबलाकडे निघून गेल्या.

सरोज जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. "ए भित्रे, माझ्यासाठी शिडी आणायची होतीस!" मीही तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण झाली, ती अजून आहे. 'भित्रे' हे नावही अजून आहे.

परतीच्या एसटीत पोरी गाणी म्हणत होत्या. पारोळा गेल्यावर मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आज शेवटी माझ्या हातून चूक झाली. मी बॉलकडे बघत बसले. बाकीच्या चौघी कुठे होत्या, मला आठवतच नाही."

"मग, मॅडम?"

"मग काय." त्यांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. "बरा दिसतो गं बॉल. वर जाताना."

आबांना जिंकल्याची बातमी माझ्याआधी पोचली होती, कारण सेठजींनी केळीच्या एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला होता. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोरी, पुढच्या वर्षी बी हाये का हे?" मी म्हणाले, "कॉलेजात असले तर." ते म्हणाले, "आसशीन." आणि बागेत निघून गेले. अशी मी बीए झाले.

पुढच्या वर्षी धुळ्याचा संघ आमच्याकडे आला, तेव्हा त्यांच्या बाकावरही मिसळणाचा डबा होता. त्यात काय मोजायचं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नुसतीच हळद भरून आणली होती.

माझं लग्न नरडाण्याला झालं. नवरा रेल्वेत. मॅडम निवृत्त होऊन धुळ्याला भावाच्या घराजवळ राहायला गेल्याचं कळलं होतं, पण संसारात जाणं झालं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी नणंदेकडे धुळ्याला गेले होते. सुट्टीचे दिवस. सकाळी दूध आणायला निघाले तर वाटेतल्या शाळेच्या मैदानात एक म्हातारी बाई साडीचा पदर खोचून एकटीच बास्केटमध्ये बॉल टाकत होती. टाकायची, बॉल रिंगच्या खूप खालून जायचा, तुरुतुरु धावत जाऊन आणायची, परत टाकायची. केस पांढरे झालेले. पण मान तशीच, जरा तिरकी.

मी दुधाची किटली भिंतीवर ठेवली आणि आत गेले. "मॅडम!"

"आठ नंबर?" त्यांनी डोळे बारीक केले. "ये. बॉल आणून दे. माझे गुडघे दुखतात."

मी बॉल आणून देत राहिले. त्या टाकत राहिल्या. एकही जाईना. थोड्या वेळाने त्या वळून संशयाने म्हणाल्या, "मोजत नाहीस ना तू?"

"नाही, मॅडम."

"मोजू नकोस. उगाच."

त्यांनी सगळा जोर लावून एक टाकला. बॉल पहिल्यांदाच वर गेला आणि रिंग आणि फळीच्या मध्ये जाऊन अडकून बसला. आम्ही दोघी खालून बघत राहिलो. मी उडी मारून बघितली, हात पोचेना. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं, पायातली चप्पल काढली आणि वर भिरकावली. चप्पल बॉलला लागलीच नाही. ती सरळ रिंगमधून, जाळीतून, सुळकन खाली आली.

मॅडम आ वासून चपलेकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग टुणकन उडी मारून त्यांनी टाळी वाजवली. "गेली! बघितलंस? आतून गेली!"

"बघितली, मॅडम. काठाला शिवलीसुद्धा नाही!"

मग मीही माझी चप्पल काढली. माझी रिंगला लागून परत आली. त्यांची दुसरी भिंतीपलीकडे गेली. शेवटी माझ्या दुसऱ्या चपलेने बॉल खाली पाडला, तेवढ्यात शाळेचा रखवालदार काठी आपटत ओरडत आला, "ए बाया! काय चालू शे तठे?"

मॅडमनी बॉल काखेत मारला, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "पळ!"

आम्ही अनवाणी फाटकातून बाहेर पडलो. दुधाची किटली भिंतीवरच राहिली. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या मॅडम माझ्या दोन पावलं पुढे होत्या.